अमेरिकी लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनातील सुरुवातीच्या गायिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंगीताचे पुनरुज्जीवन म्हणजे नेमके काय? ते संगीत नष्ट झाले होते का?

नष्ट झाले नव्हते. अ‍ॅपलाशियन डोंगररांगांतल्या घरांत, दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, चर्चमध्ये आणि शेतांवर ही गाणी गायली जातच होती. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतल्या शिकलेल्या माणसांना या गाण्यांचे मोल कळले, त्यांनी ती शिकून घेतली, व्यासपीठावर आणली आणि तबकड्यांवर विकली. या घडामोडीला पुनरुज्जीवन म्हणण्याचा प्रघात पडला. तिची सुरुवात साधारण 1930 च्या दशकातली. 1950 मध्ये ‘द वीव्हर्स’ या चौघांच्या गटाचे ‘गुडनाइट, आयरीन’ हे गाणे तेरा आठवडे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले, तेव्हा तिचा आवाका सगळ्यांच्या लक्षात आला आणि 1959 मध्ये न्यूपोर्ट येथे पहिला लोकसंगीत महोत्सव भरला, तेव्हा ती तरुणांची चळवळ झाली होती. या पानावरची उत्तरे मुख्यतः 1930 ते 1963 या काळापुरती आहेत.

या चळवळीत स्त्रियांचा वाटा किती होता? नावे तर बहुतेक पुरुषांचीच ऐकू येतात.

व्यासपीठावरच्या नावांपुरते पाहिले, तर पुरुष अधिक दिसतात हे खरे. ‘द वीव्हर्स’मध्ये चौघांत रॉनी गिल्बर्ट या एकट्याच स्त्री होत्या. मात्र ती गाणी मुळात कोणाच्या कंठातून आली, हे शोधू लागले की चित्र पालटते. इंग्लंडचे सेसिल शार्प हे संग्राहक 1916 पासून अ‍ॅपलाशियन भागात फिरले. त्यांच्याआधी सुमारे आठ वर्षे ऑलिव्ह डेम कॅम्बेल ही गाणी तिथे टिपून घेत होत्या, आणि शार्प यांना या भागाकडे वळवले ते त्यांच्याच संग्रहाने. शार्प स्वरलेखन करीत आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलेस शब्द उतरवून घेत. नॉर्थ कॅरोलायनातील हॉट स्प्रिंग्ज या गावी जेन हिक्स जेन्ट्री या गृहिणीने एकटीने त्यांना साठाहून अधिक गाणी दिली. शार्प यांना या भागात इतकी गाणी दुसऱ्या कोणाकडूनही मिळाली नाहीत.

हा प्रकार त्याहूनही जुना आहे. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 305 इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा जो प्रचंड संग्रह सिद्ध केला, त्यातील अनेक उत्तम पाठ अठराव्या शतकातील अ‍ॅना गॉर्डन या स्कॉटिश स्त्रीच्या स्मरणातून आलेले आहेत. आणि त्यांच्याकडे ती गाणी आई, मावशी आणि घरातल्या दाईकडून आली होती. संग्रहाला नाव प्राध्यापकांचे मिळाले. नावनिशीचा हा प्रश्न पुढच्या उत्तरांतही पुन्हा पुन्हा येईल, कारण या विषयाचे मर्म मला तिथेच दिसते.

खाणकामगारांच्या गाण्यांशी स्त्रियांचा संबंध कसा आला?

केंटकी राज्यातील हार्लन आणि बेल या परगण्यांत 1931 मध्ये कोळसा खाणींतील कामगारांचा संप चिघळला. फ्लॉरेन्स रीस यांचे पती सॅम हे संघटनेचे कार्यकर्ते होते. शेरीफची माणसे त्यांना शोधत घरात घुसली, त्या वेळी घरी फ्लॉरेन्स आणि मुले होती. ती माणसे गेल्यावर फ्लॉरेन्स यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान फाडले आणि त्यावर ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असे विचारणारे गाणे लिहिले. चाल जुन्या भजनाच्या वळणाची होती. पुढे हे गाणे ‘आल्मनॅक सिंगर्स’ या गटाने ध्वनिमुद्रित केले आणि ते देशभर पोहोचले.

याच संपातून मॉली जॅक्सन पुढे आल्या. त्या व्यवसायाने सुईण होत्या. खाणीतल्या अपघातांनी त्यांच्या घरची माणसे हिरावून नेली होती आणि उपासमारीने दगावणारी बाळे त्या रोज डोळ्यांसमोर पाहत होत्या. कादंबरीकार थिओडोर ड्रायझर यांच्या नेतृत्वाखाली लेखकांची एक समिती चौकशीसाठी आली, तेव्हा मॉली यांनी आपली साक्ष गाण्यातून दिली. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना केंटकी सोडून न्यूयॉर्कला जावे लागले. तिथल्या सभांतून ‘आंट मॉली’ म्हणून त्या गाऊ लागल्या आणि पुढे अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकाने अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी त्यांची बरीच गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांची सावत्र बहीण सारा ओगन गनिंग हिचा आवाज मला मॉली यांच्यापेक्षाही अधिक भिडतो. वाद्याची साथ नाही, आवाजाला कंप नाही, आणि पोटचे बाळ गमावलेल्या आईचे दुःख ती एखादी बातमी सांगावी तशा सपाट स्वरात गाते. शहरातल्या श्रोत्यांनी तिला विसरण्यात बरीच वर्षे घालवली आणि 1964 मध्ये न्यूपोर्टच्या व्यासपीठावर ती पुन्हा दिसली.

जीन रिची यांना इतके महत्त्व का दिले जाते?

कारण डोंगरातले घर आणि शहरातले व्यासपीठ ही दोन्ही जगे त्यांच्या एकट्यात एकत्र आली होती. 1922 मध्ये केंटकीतील वायपर या गावी त्यांचा जन्म झाला. चौदा भावंडांत त्या शेंडेफळ. त्यांच्या थोरल्या बहिणींनी शाळेत असताना सेसिल शार्प यांना गाणी ऐकवली होती, म्हणजे जीन जन्मण्यापूर्वीच हे घर संग्राहकांना ठाऊक होते. वडील तीन तारांचे डल्सिमर वाजवीत आणि मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. लहानग्या जीनने ते चोरून वाजवून शिकून घेतले. 1946 मध्ये समाजकार्याची पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या वस्तीकेंद्रात काम करू लागल्या आणि स्थलांतरितांच्या मुलांना घरची गाणी शिकवू लागल्या. 1952 मध्ये इलेक्ट्रा या त्या वेळच्या छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. मांडीवर आडवे ठेवून हंसाच्या पिसाने छेडायचे ते वाद्य शहरी अमेरिकेला माहीत झाले, ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

त्याच सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये गेल्या. घरातली गाणी कुठून आली याचा माग घ्यायचा होता. खेडोपाडी गेल्यावर त्या लोकांना ‘बार्बरा अ‍ॅलन’ येते का असे विचारीत, आणि त्या एका कथागीताच्या ओळखीने घराची दारे उघडत. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण इथे संग्राहक आणि गायिका यांच्यातला भेदच मिटतो. समोरची बाई एक कडवे गाते, पाहुणी आपल्या आईकडचे कडवे गाते, आणि ध्वनिमुद्रण यंत्र बाजूला फिरत राहते.

कोळशाच्या कंपन्यांनी डोंगर पोखरून नद्या काळ्या केल्या, तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःची गाणी रचली. यांतली काही त्यांनी आजोबांच्या नावावरून घेतलेल्या ‘थॅन हॉल’ या पुरुषी टोपणनावाने प्रसिद्ध केली. वृद्ध आईला राजकीय गाण्यांचा त्रास होऊ नये हे एक कारण होते. अशी गाणी पुरुषाच्या नावावर अधिक गांभीर्याने घेतली जातील, असे त्यांना वाटले हे दुसरे.

एलिझाबेथ कॉटन यांची कथा खरी आहे की आख्यायिका?

खरी आहे, आणि आख्यायिकेपेक्षा अद्भुत आहे. नॉर्थ कॅरोलायनातील कारबरो येथील ही कृष्णवर्णीय मुलगी शाळा सोडून लोकांकडे घरकाम करू लागली आणि साठवलेल्या पैशांतून तिने 3 डॉलर 75 सेंटला गिटार विकत घेतली. ती डावखुरी होती. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा चढवलेली गिटार तिने तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांकडे आणि वरच्या सुरांच्या तारा अंगठ्याकडे आल्या. तिची वादनशैली आज ‘कॉटन पद्धत’ म्हणून शिकवली जाते. ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे तिने अकरा-बारा वर्षांची असताना रचले. लवकर लग्न झाले आणि चर्चमधल्या मंडळींनी असली लौकिक गाणी सोडायला सांगितल्यावर गिटार अनेक दशके बाजूला पडली.

पुढे वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात काम करीत असताना त्यांना एक चुकलेली मुलगी सापडली. त्यांनी तिला आईकडे पोहोचवले. ती मुलगी पेगी सीगर होती आणि आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. रूथ यांच्या घरी त्या कामाला लागल्या. घरात भिंतीला टांगलेली गिटार होती. एके दिवशी ती खाली काढून वाजवताना मुलांनी त्यांना ऐकले. त्या वेळी हे घर लोकसंगीताचे स्वरलेखन करणाऱ्यांचे होते, आणि तरीही स्वयंपाकघरात काय दडले आहे याचा पत्ता घरातल्यांना बराच काळ लागला नव्हता. रूथ यांचे पुत्र माइक सीगर यांनी कॉटन यांचे ध्वनिमुद्रण केले आणि 1958 मध्ये फोकवेज कंपनीने तबकडी काढली. तेव्हा कॉटन यांनी साठी ओलांडली होती.

तोवर पेगी यांच्याबरोबर ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडला पोहोचले होते. 1957 मध्ये तिथे नॅन्सी व्हिस्की या गायिकेच्या आवाजात ते गाजले आणि त्याच्या स्वामित्वहक्कावर भलत्याच दोघांची नावे लागली. सीगर कुटुंबाच्या प्रयत्नांनंतर कॉटन यांना आपल्या गाण्याच्या श्रेयाचा वाटा मिळाला. 1985 मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

रूथ क्रॉफर्ड सीगर गायिका नव्हत्या. मग त्यांचा उल्लेख येथे का?

गाणी कागदावर उतरवण्याचे काम करणाऱ्यांशिवाय गाणाऱ्यांचा इतिहास पुरा होत नाही म्हणून. त्या आधुनिक धाटणीच्या प्रतिभावान संगीतकार होत्या आणि 1930 मध्ये संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. लोमॅक्स पितापुत्रांच्या संग्रहासाठी त्यांनी एकेक ध्वनिमुद्रण असंख्य वेळा ऐकून स्वरलिपी तयार केली. गाणारीचा श्वास कुठे तुटतो आणि सूर कुठे जरासा वर चढतो, हे कागदावर आणण्याचा त्यांचा हट्ट होता. 1948 मध्ये त्यांनी मुलांसाठी केलेला लोकगीतांचा संग्रह अमेरिकेतल्या कितीतरी बालवर्गांत वापरला गेला. या कामात त्यांची स्वतःची रचना मागे पडली. वयाच्या 52 व्या वर्षी कर्करोगाने त्या गेल्या.

ओडेटा यांचा आवाज इतरांपेक्षा वेगळा का वाटतो?

त्यांचे शिक्षण ऑपेराचे होते. 1930 मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे जन्मलेल्या ओडेटा लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या आणि तेराव्या वर्षापासून शास्त्रशुद्ध गायन शिकल्या. कृष्णवर्णीय गायिकेला ऑपेराच्या रंगमंचावर जागा मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. लोकगीतांशी गाठ पडल्यावर, विशेषतः तुरुंगातील कैद्यांची श्रमगीते गाताना, त्यांना मनात साठलेल्या संतापाला वाट मिळाली. साखळीने बांधलेले कैदी घणाचा घाव घालताना जो हुंकार देतात, तो त्या गाण्यात आणीत आणि त्यांच्या गिटारचा ठोकाही घणासारखाच पडे. 1950 च्या दशकात केस सरळ न करता नैसर्गिक कुरळे ठेवून व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या त्या पहिल्या काही कृष्णवर्णीय गायिकांपैकी होत. त्यांची तबकडी ऐकून आपण विजेवरची गिटार देऊन साधी गिटार घेतली, असे गायक-गीतकार बॉब डिलन यांनीच सांगितलेले आहे. नागरी हक्कांसाठी निघालेल्या 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चातही त्या गायल्या.

‘हम होंगे कामयाब’ या गाण्याचा या गायिकांशी संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. महाराष्ट्रातल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या म्हटले गेलेले हे हिंदी गीत गिरिजाकुमार माथुर यांनी ‘वी शॅल ओव्हरकम’वरून केले. इंग्रजी गाण्याची मुळे कृष्णवर्णीय चर्चसंगीतात आहेत. 1945-46 मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे तंबाखू कारखान्यातील कामगारांनी संप केला. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांपैकी लुसिल सिमन्स हे गाणे अतिशय संथ लयीत, सूर लांबवत गात असत. संपातल्या काही जणी टेनेसीतील हायलँडर या कार्यकर्ता-प्रशिक्षण शाळेत आल्या, तेव्हा तिथल्या संगीतशिक्षिका झिल्फिया हॉर्टन ते त्यांच्याकडून शिकल्या आणि पुढे त्यांनी ते लोकगायक पीट सीगर यांना शिकवले. 1960 च्या दशकात स्वामित्वहक्काची नोंद झाली, तेव्हा त्यात हॉर्टन यांच्यासह चौघांची नावे होती. सिमन्स यांचे नव्हते. मिळणारे मानधन कृष्णवर्णीयांच्या सांस्कृतिक कामाच्या निधीला दिले गेले, हे मात्र सांगायला हवे.

नागरी हक्कांच्या लढ्यात या गाण्याला बळ देणाऱ्यांमध्ये जॉर्जियातील ऑल्बनीच्या बर्निस जॉन्सन रेगन होत्या. 1962 मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रीडम सिंगर्स’ या चौघांच्या गटात त्या आणि रूथा हॅरिस गात. मोर्च्यात गाणे म्हणजे करमणूक नसून भीती आवरण्याचे साधन असते, अशी त्यांची धारणा होती, आणि तुरुंगाच्या कोठडीत गायलेल्या माणसाला ती पटवून देण्याची गरज नव्हती.

जोन बाएझ यांचे स्थान या क्रमात कुठे येते?

त्या या काळाच्या शेवटच्या टप्प्यावर येतात. 1959 च्या पहिल्या न्यूपोर्ट महोत्सवात अठरा वर्षांच्या बाएझ अनवाणी उभ्या राहून गायल्या, 1960 मध्ये व्हॅन्गार्ड कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली आणि 1962 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतले. त्यांच्या निर्मळ तार आवाजामुळे शेकडो वर्षांपूर्वीची स्कॉटिश कथागीते महाविद्यालयीन वसतिगृहांत पोहोचली. त्यांच्यानंतर ज्यूडी कॉलिन्स आणि इतर अनेकींना वाट मोकळी झाली. त्या गुणवान होत्याच. परंतु लांब केसांची, गोऱ्या वाटणाऱ्या वर्णाची, एकट्या गिटारवर गाणारी तरुणी हेच लोकगायिकेचे रूप म्हणून प्रसारमाध्यमांनी ठसवले, आणि त्या रूपात सुईण मॉली, घरकाम करणाऱ्या कॉटन किंवा अलाबामात धुणी धुणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या व्हेरा हॉल बसत नव्हत्या. हा दोष बाएझ यांचा नाही. त्यांचे वडील मेक्सिकोत जन्मलेले होते आणि वर्णावरून मिळणारी वागणूक बाएझ यांनी शाळेत सोसली होती.

गाण्याखेरीज चळवळ चालवण्यात स्त्रियांचा सहभाग होता का?

होता, आणि त्याशिवाय ती चालली नसती. ओक्लाहोमाच्या सिस कनिंगहॅम ‘आल्मनॅक सिंगर्स’मध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवीत. 1962 मध्ये त्यांनी पती गॉर्डन फ्रीसन यांच्यासह न्यूयॉर्कमधल्या आपल्या छोट्याशा घरातून ‘ब्रॉडसाइड’ हे नियतकालिक सुरू केले. ते हातयंत्रावर छापले जाई. कोणी नवा मुलगा गाणे घेऊन आला की त्या ते ऐकून स्वर टिपून घेत. डिलन यांचे ‘ब्लोइंग इन द विंड’ पहिल्यांदा छापले गेले ते याच पानांवर. ‘आल्मनॅक सिंगर्स’मधल्याच बेस लोमॅक्स हॉज यांनी पुढे सरकारच्या राष्ट्रीय कलानिधीत लोककलांचा विभाग उभारला. परंपरेतल्या कलावंतांना दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान 1982 मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाला आणि तो मिळालेल्यांत एलिझाबेथ कॉटनही होत्या.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही सापडेल का?

जात्यावरच्या ओव्यांची आठवण असलेल्या प्रत्येकाला सापडेल. तिथेही गाणे दळणाच्या श्रमाला जोडलेले होते, ते आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे गेले, आणि बाहेरच्या जगाने त्याकडे उशिरा पाहिले. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून हे धन जपले, आणि हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुण्यातील प्रकल्पात खेडोपाडीच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. या शेवटच्या प्रकल्पाची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवलेले आहे. लुसिल सिमन्स यांच्या बाबतीत जे राहून गेले, ते तिथे केलेले आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

प्रथम कॉटन यांचे 1958 चे ध्वनिमुद्रण ऐकावे. ते त्यांच्या घरात केलेले असल्याने आवाज समोर बसल्यासारखा येतो. त्यानंतर जीन रिची यांचे वाद्याविना गायलेले एखादे कथागीत, आणि लगेच तेच कथागीत बाएझ यांच्या आवाजात ऐकावे, म्हणजे घरातले गाणे व्यासपीठावर जाताना काय मिळवते आणि काय गमावते ते कानांनाच कळते. ओडेटा यांच्यासाठी रात्रीची वेळ आणि पूर्ण लक्ष हवे. सारा ओगन गनिंग यांना मात्र शेवटी ऐकावे, आणि त्यांच्यामागोमाग दुसरे काही लावू नये.